तीन नंबरच्या फ्लास्कमधला डाग

मी आयुष्यभर भांडी घासली. असं सांगितलं की लोकांना वाटतं बाई विनयाने बोलते आहे. विनय माझ्यात मुळीच नाही, हवं तर माझ्या घरच्यांना विचारा. मी खरंच तीस वर्षं भांडी घासली, फक्त ती काचेची होती. आधी चुनखडी तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत, आणि नंतर भिलाईतल्या एका संस्थेच्या रसायन विभागात. बी.एस्सी. झालेल्या बाईने दुसरंही बरंच काही केलं. द्रावणं बनवली, वजनं केली, यंत्रं सांभाळली, पोराटोरांच्या चुका झाकल्या. पदाचं नावही दर काही वर्षांनी वाढत गेलं. ब्रश मात्र हातातून सुटला नाही.

निवृत्त होऊन आता दीड वर्ष झालं. आठवणी पुष्कळ आहेत, पण लिहायला बसले की एकच समोर येऊन उभी राहते. म्हणून बाकीच्या राहू देत, तीच सांगते.

आधी माझ्या घासण्याबद्दल थोडं. चुनखडीच्या प्रयोगशाळेत मी नवी होते तेव्हाची गोष्ट. अहिवाऱ्याच्या बाजूच्या खाणींतून दगडाचे नमुने यायचे, त्यात चुना किती हे आम्ही काढून द्यायचो. एकदा एका खाणीचा माल मी कागदोपत्री नापास केला. दुसऱ्या दिवशी खाणीवरचा म्हातारा मुकादम रुमालात दगड बांधून आला आणि माझ्या टेबलासमोर स्टुलावर बसला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, पत्थर झूठ नहीं बोलता. आप फिर से नापिए." मी तोंड वाकडं करून पुन्हा मोजलं. दगड चांगला होता. माझ्या ब्युरेटमध्ये आदल्या दिवसाचं द्रावण राहिलं होतं, ते न धुताच मी काम सुरू केलं होतं. त्या माणसाने दगड पुन्हा रुमालात बांधला, मला नमस्कार केला आणि गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी अशी काही घासायला लागले की पुढे संस्थेत माझी ओळखच तेवढी उरली. इतर विभागांत गेले की तिथली भांडी उजेडात धरून बघायचे आणि नाकाने कांदे सोलायचे.

आता पल्लवी. दुर्गच्या रेल्वे कॉलनीतली मुलगी. तिचे आजोबा नागपूरकडून रेल्वेत इकडे आले, वडीलही रेल्वेतच. घरी मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि घाईत असली की दोन्ही एकाच वाक्यात. चौबे सरांकडे पीएच.डी. करायला आली आणि पहिल्याच आठवड्यात मला काकू म्हणायला लागली. विभागात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच.

तिचं काम काय होतं ते मला कळलं तसं सांगते. आठ तुकडे जोडून एक कडी बनवायची. तुकडे म्हणजे अमिनो आम्लं, ज्यांपासून आपल्या शरीरातली प्रथिनं बनतात तीच. ही कडी म्हणजे एकच रेणू, डोळ्यांना काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारा. महिना दीड महिना राबल्यावर चिमूटभर पांढरी पूड हाती यायची. ती कोमट द्रावकात विरघळवायची आणि हळूहळू गार होऊ द्यायची. मग त्या कड्या एकमेकींवर चढून बसतात, कासाराच्या दुकानातल्या बांगड्यांच्या चळतीसारख्या. एका कडीची कड दुसरीला धरते. ही पकड पक्की नसते, टिचबटणासारखी असते. लागते, निघते, पुन्हा लागते. पण अशी बटणं हजारोंनी लागली की एक लांबलचक पोकळ नळी तयार होते. केसाच्या जाडीत अशा हजारो नळ्या शेजारी शेजारी बसतील. पाण्यातलं नको ते गाळायला, औषध नेमक्या जागी पोचवायला पुढेमागे त्या उपयोगी पडतील असं सर सांगायचे.

आणि यातलं काहीही कोणी हाताने जोडत नाही. कड्या बनवून सोडायच्या, बाकीचं त्यांचं त्या करतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पल्लवीला तीनदा विचारलं होतं की बाई, नक्की ना?

पहिलं वर्ष सगळं फुकट गेलं. कड्या व्हायच्या, नळ्या होत नव्हत्या. द्रावण आपलं नितळच्या नितळ. मग एका दुपारी तिने बोटाएवढी काचेची कुपी माझ्यासमोर धरली आणि उलटी केली. आतलं पडेना. द्रावण गोठून खळीसारखं घट्ट झालं होतं, त्याला जेल म्हणतात. नळ्या लांब झाल्या, एकमेकींत गुंतल्या आणि त्यांनी सगळा द्रावक जागच्या जागी धरून ठेवला, की असं होतं. पुढे मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली फोटो निघाले. त्यात नळ्या दिसल्या, सरळ, लांब, मोजून घ्याव्यात अशा. मी तो फोटो आ वासून बघत बसले.

त्यानंतर दर वेळी झाल्या. ती तीन नंबरचा फ्लास्क वापरायची. मानेवर तीन आकडा रंगवलेला, ओठाचा जरा टवका उडालेला, पण तिच्या तापवायच्या यंत्रात तोच नीट बसायचा. त्याच्या पोटात आतून एक ओरखडा होता. तो माझाच. कधीतरी ब्रशची तार लागली होती. त्या ओरखड्यात एक पुसट पांढरा डाग धरला होता, तो साबणाने जाईना, ॲसिटोनने जाईना. मला तो डाग बघवत नव्हता. पल्लवी म्हणायची, "काकू, छोडो ना, चलता है." माझं चलता नव्हतं.

याच दिवसांत मी एक आगळीक केली. आमचे बाबा हुडको वसाहतीत माझ्या भावाकडे राहतात. भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं पाइप फिटरचं काम केलं, गॅसच्या लाइनवर. माणूस आत उभा राहील एवढाले पाइप. मी त्यांना नळ्यांचं सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. मग मी एक कुपी पर्समध्ये टाकून त्यांना दाखवायला नेली. नमुना लॅबबाहेर न्यायला सक्त मनाई असते, नव्या पोरांना तो नियम मीच दरडावून सांगायचे.

बाबांनी कुपी उलटी केली, सुलटी केली, चष्मा पुसून पुन्हा बघितली. "मंग याचं वेल्डिंग कोन करते?"

"कोणी नाही बाबा. आपोआप जुळतात."

"आपोआप? फिटर नाही, हेल्पर नाही, क्रेन नाही?"

"काहीच नाही."

"अन् लाइन सरळ येते?"

"एकदम सरळ."

बाबांनी कुपी पुन्हा एकदा उलटी करून पाहिली. मग म्हणाले, "तं मले पस्तीस वर्सं कायले ठेवलं त्याइनं?"

कुपी त्यांनी ठेवून घेतली. मलाही मागवेना. शोकेसमध्ये बुद्धमूर्तीच्या शेजारी तिची जागा झाली. घरी कोणीही आलं, दूधवाला आला तरी, बाबा ती काढून उलटी धरायचे आणि म्हणायचे, "पाह्य, पडत नाही! माह्या पोरीच्या हापिसात पाइप बनते." उन्हाळ्यानंतर मला ती शोकेसमध्ये दिसेनाशी झाली. विचारलं तर म्हणाले, पोरं फोडतील म्हणून कपाटात ठेवली.

मग आमच्या विभागात तपासणीची समिती यायची ठरली. असं काही ठरलं की माझ्या अंगात यायचं. पल्लवी तेव्हा भावाच्या लग्नाला नागपूरला गेली होती. मी पूर्ण लॅब उपसली. तराजू, चमचे, ओटे, सगळं. काचेची भांडी मी कॉस्टिक पोटॅशच्या टबात दोन दिवस बुडवून ठेवली. हे द्रावण इतकं जहाल असतं की मळच काय, काचेचा वरचा पापुद्राही खाऊन टाकतं. हातमोजे, चष्मा घालून करायचं काम. फ्रिजमध्ये पल्लवीच्या जुन्या कुप्या होत्या, नावं पुसट झालेल्या. तिला फोन करून विचारलं. मागे लग्नाचा बँड वाजत होता. ती ओरडून म्हणाली, "फेका काकू! जगह चाहिए तो सब फेंक दो, परत बनवून घेऊ!" फेकल्या.

टबातून तीन नंबर काढला, धुतला, उजेडात धरला. डाग गेला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो फ्लास्क लखलखत होता. समितीतल्या एका साहेबांनी कपाट बघून "वाह" म्हटलं, आणि मी दोन दिवस त्या शब्दावर तरंगत होते.

पल्लवी आली. तिचा शोधनिबंध एका नियतकालिकाकडे गेलेला होता, त्यांनी आणखी एक मोजणी मागितली होती. ताजा नमुना लागणार होता. तिने कड्या विरघळवल्या, गार केल्या, कुपी उलटी केली. आतलं सगळं पाण्यासारखं टोपणात आलं. पुन्हा केलं, तेच. कड्यांची नवी पूड बनवण्यात महिना घालवला, त्यानेही तेच. सूक्ष्मदर्शकाखाली नळ्यांऐवजी नुसते बारीक गोळे दिसत होते. कड्या जुळत होत्या, पण भलत्याच रीतीने. चौबे सर स्वतः शेजारी उभे राहिले तेव्हाही गोळेच.  रोज सूर्य उगवावा तशी जी गोष्ट तीन वर्षं होत होती, ती होईनाशी झाली होती.

मग एका सकाळी सर तिला माझ्यादेखत म्हणाले, आवाज अगदी हळू होता, "पल्लवी, जेल तो बहुत चीज़ों से बन जाता है. वो नलियों वाले फोटो... उनकी ओरिजिनल फाइलें एक बार मुझे दे देना."

बाहेरच्यांना यात काही वाटणार नाही. आमच्या धंद्यात या वाक्याचा अर्थ एकच असतो. फोटो तू कुठून आणलेस, असं ते विचारत होते.  पल्लवी "जी सर" म्हणाली आणि बाहेर गेली. माझ्या हातातली बाटली मी ओट्यावर कशीबशी टेकवली. त्या मुलीवर असा संशय? मला सरांचा संताप आला, आणि रागाच्या भरात मी तिचीच भांडी घासायला घेतली. राग आला की मी घासते, दुसरं मला काही येत नाही.

तीन नंबर हातात आला. सवयीने ओरखडा खिडकीच्या उजेडात धरला. स्वच्छ. आणि तशीच उभी राहिले. डाग कधी गेला? समितीच्या आधी. नळ्या कधी गेल्या? समितीच्या नंतर.

कॉलेजातलं पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक आठवलं. स्फटिक येत नसतील तर काचेच्या कांडीने भांड्याच्या आतून ओरखडा काढा, नाहीतर आधीच्या स्फटिकाचा एक कण टाका. एकाला बघून बाकीचे बसतात. घरी दही लावतो त्यातलाच प्रकार, दूध कितीही चांगलं असलं तरी विरजण लागतं. त्या ओरखड्यात वर्षानुवर्षं नळ्यांचा कण धरून बसला होता. दर वेळी कोमट द्रावणाला तो वाट दाखवायचा, आणि कड्या गोळ्यांकडे न जाता नळ्यांकडे वळायच्या. आम्हाला वाटत होतं आपोआप होतंय. आपोआप नव्हतंच ते. विरजण होतं आणि ते मी धुऊन टाकलं होतं. विरजणाचे बाकीचे साठे, म्हणजे त्या जुन्या कुप्या, त्याही मीच फेकल्या होत्या.

पायाखालची जमीन सरकणे हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला होता. त्याचा अर्थ मला त्या दिवशी सिंकपाशी कळला. मी नळ बंद करायचीही विसरले.

आणि मी गप्प बसले. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. तीस वर्षं ज्या एका गोष्टीवर मी मान ताठ ठेवली, तीच चुकली असं कोणत्या तोंडाने सांगू? शिवाय बाबांकडची कुपी. विरजण उरलं असेल तर त्या एका जागी, आणि ती बाहेर काढली की चोरीही बाहेर येणार. आज सांगू, उद्या सांगू, तेवढ्यात एखाद्या दिवशी आपसूक होतीलही नळ्या, असं मनाला समजावत राहिले. सरांनी नुसती हाक मारली तरी दचकायचे. चोराच्या मनात चांदणं.

अकराव्या दिवशी दुपारी पल्लवी माझ्या टेबलाशी आली. हातात टाइप केलेला कागद. निबंध मागे घेत असल्याचं पत्र, आणि खाली पीएच.डी. सोडत असल्याची ओळ. मराठी शुद्धलेखन तपासायला दिल्यासारखा तिने तो माझ्यापुढे ठेवला.

"हे काय गं?"

"काकू, मी सगळ्या फाइली परत बघितल्या. फोटो माझेच आहेत. तारीख, वेळ, सगळं बरोबर आहे. पण आता मलेच वाटून राहिलं की मीच काहीतरी केलं असन." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "कुछ तो गलत देखा होगा ना मैंने? की मले पाहिजे होतं तेच मले दिसलं? रात को नींद नहीं आती काकू. मी खोटी आहे का, हे मलेच समजून नाही राहिलं."

मी विचार केला नाही. सगळं सांगितलं. टब, ओरखडा, डाग, बाबांची कुपी. ती ऐकत होती. मध्ये एकदा तिने ओट्याची कड धरली. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडावं असंही वाटत होतं.

तिने एकच विचारलं. "तुमाले कधीपासून माहीत आहे?"

"अकरा दिवस."

"अकरा दिवस," ती म्हणाली. कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली, फाडला नाही. "चला. कुपी आणू."

माझ्या स्कूटरवरून आम्ही हुडकोला गेलो. ती मागची दांडी धरून बसली, माझा खांदा तिने धरला नाही.

बाबा ओसरीत खुर्चीवर बसले होते. मी म्हटलं, बाबा, ती कुपी द्या, लागते आहे. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग पल्लवीकडे. "चहा घ्या ना आधी," म्हणाले. मी पुन्हा कुपी मागितली. तेव्हा त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि ती बाहेर काढली. आत काठोकाठ पांढरं. माझा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. तो चुना होता. तंबाखूचा चुना. तोंडाला इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच.

"बाबा! हे काय केलंत?"

सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून बसला. "मे मइन्यात गर्मीनं पाणी सुटलं त्याले, दह्यावानी. उलटं केलं का पडे. मले वाटलं माह्याच हातून खराब झालं. तुले कसं सांगू? मंग धुतली चांगली... वाया कायले जाऊ द्याची, म्हून चुना भरला."

मी पायरीवर बसले. बापाने धुतली, लेकीने धुतला. बापाने लपवलं, लेकीनेही लपवलं. हसू की रडू अशी अवस्था म्हणतात ती हीच असावी, मला दोन्ही येईना. पल्लवी मात्र कुपीकडे नव्हे, त्या रबरी बुचाकडे बघत होती.

"आजोबा, याचं टोपण कुठं गेलं? स्क्रूवाला ढक्कन था इसका."

"ते? एका हातानं उघडत नाही ना पोरी ते. एका हातात तंबाखू रायते. म्हून हे बूच लावलं."

"और वो ढक्कन? फेकलं?"

बाबांना या प्रश्नाचा रागच आला. "फेकते कोनी? आतमधी टेफ्लॉनचा वायसर होता त्याच्या. फस्क्लास वायसर!"

ते उठले, पलंगाखालून जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. नट, बोल्ट, वायसर, वाकलेले खिळे. पस्तीस वर्षांची सवय, जोडकामाची वस्तू फेकायची नाही. पल्लवी आणि मी जमिनीवर बसून एकेक वस्तू बाजूला करत गेलो. टोपण तळाशी मिळालं. पल्लवीने ते उजेडात धरलं. आतल्या पांढऱ्या चकतीवर एक वाळलेला, भेगाळलेला पातळ पापुद्रा होता. दूधवाल्यापासून सगळ्यांपुढे बाबा कुपी उलटी धरायचे; पाणी सुटलं तेव्हा आतलंच थोडं टोपणाला लागून तिथे सुकलं होतं. धुतली ती कुपी. टोपण कोणी धुतलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौबे सरांसमोर प्रयोग केला. त्याआधी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि नमुना बाहेर नेल्याबद्दल लेखी खुलासा मागितला. दिला. पल्लवीने दोन कुप्या घेतल्या, दोन्हींत तेच द्रावण. एकीत नव्या कोऱ्या टोपणाची चकती टाकली, दुसरीत बाबांच्या चकतीचा अर्धा तुकडा. उरलेला अर्धा तिने जपून ठेवला. आम्ही तिघं बसून राहिलो. सर पेपर वाचायचं सोंग करत होते. दीड तासाने दुसऱ्या कुपीत चकतीभोवती गढुळलं. ते पसरत गेलं. पल्लवीने आणखी तासभर हात लावला नाही. मग दोन्ही कुप्या दोन हातांत धरून एकदम उलट्या केल्या.

डावीतलं सगळं खाली आलं. उजवीतलं हललं नाही.

सर उठून उभे राहिले.  एवढा धक्का मला त्या नळ्या गेल्या तेव्हाही बसला नव्हता. बिस्किटाच्या डब्यात, खिळ्यांखाली, महिनोन् महिने ते विरजण आपली वाट बघत जिवंत होतं. पुढे फोटोही निघाले, आणि सरांनी पल्लवीची माफी मागितली, सगळ्या विद्यार्थ्यांसमोर. ते त्यांना अवघड गेलं असणार, पण त्यांनी मागितली. मुकादमाचा दगड मला तेव्हा आठवला.

बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मी तं म्हनतच होतो, फिटरबिगर लाइन बसत नसते."

पल्लवीने मात्र त्या दिवसापासून मला एकही भांडं धुवायला दिलं नाही. बोलायची नीट, काकूच म्हणायची, डब्यातलं लोणचं मागायची. पण काम संपलं की आपला फ्लास्क स्वतः धुऊन स्वतःच्या कपाटात ठेवायची आणि किल्ली पर्समध्ये टाकायची. मी बघायचे. म्हणणार काय? भांडं धुतलं ही चूक कोणाच्याही हातून झाली असती. अकरा दिवस माझे होते, त्यांत दुसरं कोणी भागीदार नव्हतं. पुढे तिच्या प्रबंधात विरजण कुठून आलं ते तिने सरळ लिहिलं, टोपण, चकती, सगळं. आभारात बाबांचं नाव होतं, माझंही होतं. मी ते पान दोनदा वाचलं आणि बंद केलं.

माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस. शाल, नारळ, समोसे, भाषणं झाली. सगळे पांगल्यावर मी सिंकपाशी माझा ब्रश घ्यायला गेले, घरी न्यावा म्हणून. मागून पल्लवी आली. हातात तीन नंबरचा फ्लास्क. सकाळच्या प्रयोगाचा, खरकटा.

"काकू, हा धुऊन द्याल?"

माझ्या तोंडून भलतंच निघालं. "सगळं जाईल हं."

"जाऊ द्या. विरजण मी सहा जागी ठेवलं आहे." मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्यासारखं कोनी धूत नाही काकू."

मी फ्लास्क घेतला. तरी तिने खालचा आपला हात लगेच काढला नाही. साबण लावला, ब्रश फिरवला, तीनदा पाण्याने, एकदा ॲसिटोनने, नेहमीसारखा. मग खिडकीच्या उजेडात धरला. ओरखड्यात पुसट पांढरा डाग पुन्हा धरला होता. मी ब्रश नेला तिथवर आणि मागे घेतला. फ्लास्क तसाच, डागासकट, स्टँडवर पालथा घातला.